घटक ४ : पाकिटामागची अक्षरे – कौटुंबिक जीवनातील विनोदी हायकू

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• हायकू आणि सेनर्यू या जपानी काव्यप्रकारांतील साम्यभेद सांगता येईल.
• तीन ओळींच्या रचनेत विनोद कसा निर्माण होतो, याचे विश्लेषण करता येईल.
• विनोदी रचनेतील हास्याचा रोख कोणाकडे आहे, हे ओळखता येईल.
• विनोदाला वस्तुस्थितीच्या अचूकतेची गरज का असते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• घरातील एखाद्या साध्या वस्तूवर स्वतः विनोदी हायकू रचता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, मागील घटकात आपण निसर्गानुभव व्यक्त करणाऱ्या हायकूचा परिचय करून घेतला. हायकू म्हटले की पाऊस, पान, पक्षी आणि त्यांच्याभोवतीची शांतता आपल्या डोळ्यांसमोर येते. स्वयंपाकघराचा ओटा, बिस्किटांचा पुडा, लोणच्याची बरणी किंवा पाकिटामागील बारीक अक्षरे हा हायकूचा विषय होऊ शकेल, असे सहसा आपल्या मनात येत नाही. या घटकात नेमक्या याच विषयाचा विचार करावयाचा आहे.

आजच्या घरात बाजारातून आणलेले तयार पदार्थ नित्याचे झाले आहेत. त्यांत रंग, चव किंवा टिकाऊपणा यांसाठी काही पदार्थ मिसळलेले असतात. बोलीत आपण त्यांना सरसकट ‘केमिकल’ म्हणतो. या घटकात त्यांना ‘मिश्रके’ म्हणू. मिश्रकांविषयी घरोघरी धास्ती आहे आणि त्याच घरांतून ती आवडीने खाल्लीही जातात. धास्ती आणि आवड यांच्या या शेजारात विनोदाची बीजे आहेत. मात्र हा विनोद सोपा नाही. त्यात चुकीची माहिती पसरण्याचा धोका असतो आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला हिणवण्याचाही धोका असतो. हे दोन्ही धोके टाळून लिहिलेली रचनाच टिकते, हे या घटकाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

सूचना : या घटकातील सर्व रचना केवळ अभ्यासाचे नमुने म्हणून तयार केलेल्या आहेत. त्यांतील काही नमुने मुद्दाम सदोष ठेवले आहेत.

४.२ विषय विवेचन

४.२.१ हायकू आणि सेनर्यू

जपानी हायकूत ५-७-५ अशा सतरा ध्वनिघटकांची रचना असते. त्यात ऋतुसूचक शब्द असावा आणि रचनेला दोन भागांत तोडणारा विराम असावा, असा संकेत आहे. बाशो (१६४४–१६९४), बुसोन (१७१६–१७८४) आणि इस्सा (१७६३–१८२८) हे या परंपरेतील थोर कवी होत. ‘हायकू’ हे नाव मात्र त्यांच्या काळी रूढ नव्हते. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांच्यामुळे रूढ झाले.

याच ५-७-५ च्या साच्यात जपानी भाषेत दुसरा एक काव्यप्रकार आहे. त्याचे नाव सेनर्यू. अठराव्या शतकात एदो, म्हणजे आजच्या टोक्यो शहरात, दोन ओळी देऊन त्यांना जोडणारी तीन ओळींची रचना करण्याच्या स्पर्धा लोकप्रिय होत्या. अशा रचनांचे परीक्षक असलेल्या काराई सेनर्यू (१७१८–१७९०) यांच्या नावावरून या प्रकाराला नाव मिळाले. त्यांनी निवडलेल्या रचनांचे संग्रह १७६५ पासून प्रसिद्ध होऊ लागले. सेनर्यूला ऋतुसूचक शब्दाची गरज नसते. त्याचा विषय माणूस असतो : त्याचा लोभ, आळस, ढोंग, संसारातील खटके आणि नोकरीतील ओढाताण. जपानमध्ये १९८७ पासून नोकरदारांच्या सेनर्यूंची एक वार्षिक स्पर्धा भरत आली असून तिच्यातील रचना सामान्य वाचक आवडीने वाचतात.

काटेकोरपणे पाहिल्यास, आपण ज्याला ‘विनोदी हायकू’ म्हणतो तो बहुतांशी सेनर्यूच असतो. मराठीत मात्र ‘सेनर्यू’ हे नाव फारसे रुळलेले नाही. म्हणून या घटकात ‘विनोदी हायकू’ हीच संज्ञा वापरली आहे.

मराठीत हायकू रुजवण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९–२०१७) यांना दिले जाते. त्यांचे वडील आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ या संग्रहाने मराठी विडंबनकाव्याला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. विडंबन आणि हायकू या दोन टोकांच्या वाटणाऱ्या प्रकारांची मराठीतील ठळक नावे एकाच घरातील आहेत, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

विनोदी हायकू आणि मराठीतील वात्रटिका यांतही फरक आहे. मंगेश पाडगावकर किंवा रामदास फुटाणे यांच्या वात्रटिकेत कवी सहसा मत मांडतो, टोला देतो आणि यमकाने तो ठसवतो. विनोदी हायकू दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि थांबतो. निष्कर्ष वाचकाने काढावयाचा असतो.

अक्षरगणनेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. जपानी ध्वनिघटक आणि मराठी अक्षर ही एकच मापे नव्हेत. ‘टोक्यो’ हा शब्द आपण दोन अक्षरांत लिहितो. जपानी गणनेत दीर्घ स्वर दुप्पट धरल्यामुळे त्याचे चार घटक होतात. म्हणून मराठी हायकूकारांनी ५-७-५ चे बंधन नेहमीच पाळलेले नाही. या घटकातील नमुन्यांत जोडाक्षर एक धरून ५-७-५ अक्षरे योजली आहेत, ती केवळ शिस्तीच्या सरावासाठी.

४.२.२ पाकिटामागची भाषा

ज्यावर विनोद करावयाचा ती वस्तू आधी नीट वाचली पाहिजे. भारतात ‘अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६’ आणि त्याखालील नियमांनुसार पाकिटबंद पदार्थावर घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. मिश्रकाचा उल्लेख त्याच्या कार्यासह, म्हणजे रंग, परिरक्षक, आम्लता-नियामक, चव वाढवणारा पदार्थ असा करून, पुढे त्याचे नाव किंवा आंतरराष्ट्रीय क्रमांक दिलेला असतो. ‘आयएनएस’ या अक्षरांपुढे छापलेला आकडा तो हाच.

हे आकडे पाहून दचकण्यापूर्वी काहींची ओळख करून घेऊ :

• १०० : हळदीतील पिवळे रंगद्रव्य
• ३०० : ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व
• ३३० : सायट्रिक आम्ल, लिंबाच्या आंबटपणाचे कारण
• ४१२ : गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक
• ५०० : सोडियम कार्बोनेटे, खाण्याचा सोडा यातच येतो
• २११ : सोडियम बेन्झोएट, एक परिरक्षक
• १०२ : टार्ट्राझिन, कृत्रिम पिवळा रंग
• ६२१ : मोनोसोडियम ग्लुटामेट, बोलीतील ‘अजिनोमोटो’

यांतील शेवटच्या पदार्थाचे जन्मस्थान हायकूचेच आहे. १९०८ साली टोक्योतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्रशैवालाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी तो पदार्थ बाजारात आला. ‘अजिनोमोटो’ हे त्याच्या उत्पादकाचे व्यापारी नाव असून त्याचा अर्थ ‘चवीचे मूळ’ असा होतो. हायकूला नाव देणाऱ्या शिकींच्या निधनानंतर अवघ्या सहा वर्षांनी त्याच देशात चवीचे हे सार काढले गेले. थोडक्यात पुष्कळ चव आणणे, हे दोघांचेही काम!

४.२.३ विनोदाची घडण : दोन गोष्टींचा शेजार

पुढील नमुना वाचा.

नमुना १
चष्मा शोधतो
पाकीट वाचायला –
खाऊ संपला

पहिल्या दोन ओळींत एक सावध, जबाबदार माणूस दिसतो. मुलांच्या हाती खाऊ देण्यापूर्वी त्यात काय आहे हे त्याला तपासायचे आहे. तिसऱ्या ओळीत त्याची सावधगिरी निरर्थक ठरते. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील ही विसंगती म्हणजे येथील विनोद. दुसऱ्या ओळीनंतरचा विराम काढून टाकून ‘तोपर्यंत’ हा शब्द घातला, तर अर्थ तोच राहील, पण हसू जाईल. ‘तोपर्यंत’ हे वाचकाने मनात भरावयाचे असते.

येथे एक सूत्र ध्यानात येते. पाकिटावरील यादीत सर्वांत वजनदार घटक आधी येतो. विनोदी हायकूत तो शेवटी येतो. नमुना १ मधील ‘खाऊ संपला’ ही ओळ आरंभी आणून पाहिली, तर पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही.

आता एकाच प्रसंगाच्या दोन रचनांची तुलना करा.

नमुना २ (अ)
साखरमुक्त
म्हणून बाबा खाती
पुडा सगळा

नमुना २ (आ)
साखरमुक्त –
बाबांच्या हाताखाली
रिकामा पुडा

पहिल्या रचनेत ‘म्हणून’ हा शब्द कारण सांगून टाकतो. वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या रचनेत केवळ एक दृश्य आहे. ‘हाताखाली’ या शब्दात बाबांचा तो पुडा झाकण्याचा प्रयत्नही दिसतो. शिवाय ‘साखरमुक्त’ बिस्किटातही मैदा असतो आणि पचनानंतर त्याची साखरच होते, हे ठाऊक असलेल्या वाचकाला या हसण्यामागची काळजीही जाणवते. मधुमेही व्यक्ती असलेल्या घरात ही रचना निव्वळ गंमत म्हणून वाचली जाणार नाही. चांगल्या विनोदी हायकूत हसू आणि काळजी अशी एकत्र नांदते.

विनोदाला बोलीचा सूरही साहाय्य करतो.

नमुना ३
पाढे चुकतो
सहाशे एकवीस
तोंडपाठ की!

‘की’ या एका अक्षराने घरातील वडीलधाऱ्या माणसाचा आवाज रचनेत येतो. त्या आवाजात तक्रार आहे आणि दडवलेले कौतुकही आहे.

४.२.४ हसू कोणावर?

विनोदाचे परीक्षण करताना ‘हसू आले का?’ या प्रश्नाबरोबर ‘कोणावर आले?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. पुढील सदोष नमुना पाहा.

नमुना ४ (अ)
आळशी सून
पाकिटे फोडून ती
करी स्वैपाक

अक्षरे अचूक आहेत, तरीही रचना दुबळी आहे. ‘आळशी’ हा निवाडा पहिल्याच शब्दात देऊन टाकल्यामुळे वाचकाला शोधण्यासारखे काही राहिले नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. घरात सर्वांनी खायचे असले, तरी रांधण्याची जबाबदारी एकटीची आणि दोषही एकटीचा, हे गृहीतक येथे तपासलेले नाही. पूर्वापार चालत आलेल्या सासू-सुनांच्या विनोदांत हे गृहीतक इतके मुरलेले आहे की ते चटकन जाणवत नाही.

त्याच पाकिटाकडे निराळ्या जागेवरून पाहिल्यास काय घडते, ते पाहा.

नमुना ४ (आ)
दोन मिनिटे –
नूडल्स शिजताना
आई बसली

‘दोन मिनिटे’ हे शब्द जाहिरातीमुळे प्रत्येकाला परिचित आहेत. ते वेगाचे, सोयीचे शब्द आहेत. शेवटच्या ओळीत त्यांचा अर्थ पालटतो. ती सोय मुलांसाठी आहे असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात दिवसभरातील तेवढीच बसण्याची फुरसत आईला मिळाली. कोणी आळशी नाही आणि कोणाला दोषही दिलेला नाही. तरी वाचक हसता हसता थांबतो, कारण हसू वळून त्याच्याच घराकडे आलेले असते. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून हा अभ्यास करीत आहात. या रचनेतील दोन मिनिटांचे मोल तुम्हाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

४.२.५ विनोद आणि वस्तुस्थिती

विनोद म्हणजे अतिशयोक्ती, तेव्हा त्यात माहितीची अचूकता कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पुढील नमुन्यावरून त्याचा विचार करू.

नमुना ५ (अ)
विषच सारे
पाकिटात भरले
खा बाळा, खा रे!

ही रचना यमकामुळे लक्षात राहते, पण ती घोषणा आहे. ‘सारे’ विष असल्याचे विधान खरे नाही; आपण पाहिले की यादीतील काही आकड्यांमागे हळदीचा रंग, क जीवनसत्त्व किंवा लिंबातील आम्ल असते. उलट, सर्वच मिश्रके शंकातीत आहेत असेही म्हणता येत नाही. टार्ट्राझिनसह सहा कृत्रिम रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर मुलांच्या वर्तनाविषयीची सूचना छापणे युरोपीय संघाने २०१० पासून बंधनकारक केले आहे. दुसरीकडे, ६२१ क्रमांकाच्या पदार्थाविषयीची भीती १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रानंतर जगभर पसरली. पुढील नियंत्रित चाचण्यांत मात्र नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास त्या तक्रारी सातत्याने आढळल्या नाहीत. वस्तुस्थिती अशी संमिश्र असते. ‘विषच सारे’ म्हणणारा कवी पाकीट न वाचताच बोलतो.

वाचल्यानंतर लिहिलेली रचना कशी असू शकते?

नमुना ५ (आ)
रंग शंभर –
वाचून दचकले
हाती हळद

फोडणी देता देता पाकीट वाचणारी स्त्री ‘रंग १००’ पाहून दचकते. तोच रंग तिच्या बोटांना लागलेला असतो. येथे बोलणारी व्यक्ती स्वतःलाच हसते आहे. हा विनोद आकड्याचा अर्थ ठाऊक असल्याशिवाय लिहिता आला नसता आणि वाचकालाही तो शोधावा लागतो. माहिती येथे विनोदाला जड झालेली नाही. तिच्यामुळेच विनोद शक्य झाला आहे.

शेवटी पुनर्लेखनाचे एक उदाहरण घेऊ.

नमुना ६ (पहिला खर्डा)
घरी लोणचे
संरक्षक एकच –
आईचा डोळा

कल्पना चांगली आहे. परंतु ‘एकच’ हा शब्द खोटा आहे. लोणचे टिकते ते मीठ, तेल आणि आंबटपणा यांमुळे. ओला चमचा बुडाला की बुरशी येण्याची शक्यता वाढते. ‘संरक्षक’ या शब्दावरील कोटीही फार उघड आहे. कवीने बरणीजवळ जाऊन पुन्हा पाहिले, तर पुढील रचना हाती लागते :

नमुना ६ (सुधारित)
मीठ, तेल नि
ओल्या चमच्यावर
आईचा डोळा

आता रचनेला पाकिटावरील घटकयादीचे रूप आले आहे. यादीतील पहिले दोन घटक शास्त्रशुद्ध आहेत. म्हणूनच तिसरा घटकही आपण तितक्याच गांभीर्याने वाचतो आणि हसतो. ‘परिरक्षक’ हा शब्द कोठेही न येता त्याचे कार्य सांगितले गेले. खर्ड्यापेक्षा सुधारित रचना अधिक खरी आहे आणि त्यामुळेच अधिक विनोदी आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. सेनर्यू या काव्यप्रकारात ........ शब्दाची गरज नसते.
२. पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या ........ क्रमाने असते.

(ब) चूक की बरोबर ते सांगा.
३. आयएनएस क्रमांक असलेला प्रत्येक पदार्थ कृत्रिम असतो.
४. विनोदी हायकूत निष्कर्ष कवीने स्पष्ट सांगावा लागतो.

(क) एका वाक्यात उत्तर लिहा.
५. नमुना २ (अ) मधील ‘म्हणून’ हा शब्द दोषास्पद का ठरतो?

४.३ सारांश

हायकू आणि सेनर्यू यांचा साचा एक असला, तरी हायकूचे लक्ष ऋतूकडे आणि सेनर्यूचे लक्ष माणसाकडे असते. मराठीतील विनोदी हायकू सेनर्यूला जवळचा आहे. दोन गोष्टींचा शेजार, मधला विराम आणि शेवटी येणारा वजनदार घटक ही त्याच्या घडणीची साधने होत. खाद्यपदार्थांतील मिश्रके हा विषय घराघरांतील भीती, हौस, श्रम आणि माया यांना एकत्र आणतो. या विषयावरील विनोद दोन कसोट्यांवर तपासावा : तो वस्तुस्थितीला धरून आहे काय आणि त्याचा भार घरातील एकाच व्यक्तीवर पडतो आहे काय. या कसोट्यांना उतरलेली रचना वाचकाला हसवते आणि आपल्याच घराकडे नव्याने पाहायला लावते.

४.४ पारिभाषिक शब्द

मिश्रक : खाद्यपदार्थात विशिष्ट कार्यासाठी मिसळलेला पदार्थ.
परिरक्षक : पदार्थ टिकवून ठेवणारे मिश्रक.
विसंगती : अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील हास्यजनक अंतर.
उमामी : गोड, आंबट, खारट व कडू यांहून वेगळी मानलेली पाचवी मूळ चव.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. ऋतुसूचक. २. उतरत्या. ३. चूक, उदाहरणार्थ, १०० हा हळदीतील रंगद्रव्याचा क्रमांक आहे. ४. चूक, निष्कर्ष वाचकाने काढावयाचा असतो. ५. तो कारण उघड सांगतो आणि वाचकाने भरावयाची जागा अडवतो.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. वात्रटिका आणि विनोदी हायकू यांतील फरक स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. नमुना ४ (अ) आणि ४ (आ) यांची तुलना करून हास्याचा रोख कसा बदलला ते लिहा.
३. ‘विनोदाला वस्तुस्थितीचा आधार लागतो’ या विधानाची नमुना ५ व ६ यांच्या आधारे चर्चा करा.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील पाच पाकिटांवरील घटकयाद्या वाचून त्यांतील मिश्रकांची नोंद करा. त्याच आठवड्यात घरातील मंडळी खाण्यापिण्यासंबंधी जे बोलतात, त्यातील पाच वाक्ये जशीच्या तशी टिपून ठेवा. एक नोंद आणि एक वाक्य शेजारी ठेवून तीन हायकू रचा. प्रत्येक रचनेखाली ‘येथे कोण कोणाला हसते?’ या प्रश्नाचे एका ओळीत उत्तर लिहा. रचना संपर्क सत्रात सादर करण्यापूर्वी ज्यांच्याविषयी त्या आहेत, त्या घरच्या माणसांना वाचून दाखवा. ती माणसे हसली, तर रचना बहुधा साधली आहे. ती गप्प झाली, तर दुसरा खर्डा करावा.